ठकीचे लंगोट

"हे बघा. एकदाचं सगळ्यांनीच बघून घ्या," असं म्हणत सासूबाईंनी ठकीचे दोन्ही पाय एका हातात धरून वर उचलले.

सगळे म्हणजे घरात होतो तरी किती? सासूबाई, आदल्या दिवशी बसनं आलेली त्यांची लेक, म्हणजे माझी नणंद, चहाचा पेला हातात धरून खाली बघत बसलेला माझा दीर, म्हणजे ठकीचा बाप, आणि शेगडीपाशी मी. दारात धाकटी उभी होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ, ठकीची आई.

ठकी पाच महिन्यांची. तिचं बूड सोललेल्या बिटासारखं लाल झालं होतं. मांड्यांवर बारीक पुरळ, कमरेला लंगोटाची नाडी बसते तिथं लाल पट्टा, आणि एका बाजूला दोन ठिकाणी कातडं निघून आतली ओल दिसत होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. छताकडं बघत ती नुसते हुंदके देत होती.

धाकटी सकाळच्या धारा काढून आली होती. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बुटांना शेण आणि काळा चिखल, हात कोपरापर्यंत ओले. आत यावं तर फरशी घाण होणार, बाहेर थांबावं तर पोर आत. ठकी झाल्यापासून पाच महिने ती अशी उंबऱ्यावरच उभी होती म्हणा ना.

"रात्री मलम लावलं होतं मी," ती म्हणाली.

"लावलं असशील गं. पण त्याच्या आधी धुतलं होतंस का? वेळेवर बदललं होतंस? मी पाच पोरं वाढवली, एकाचं असं झालं नाही. तेव्हा मलमंही नव्हती."

"आई, तिला कशाला बोलतेस?" नणंद म्हणाली. "चौदा गाई, दोन वेळच्या धारा. तिला पोरीकडं बघायला वेळ कुठं आहे?"

ऐकायला हे मायेचं होतं, म्हणूनच जास्त लागणारं होतं. धाकटीनं ओठ दाबले.

"मी काय म्हणते," नणंद पुढं म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी परत जाईन तेव्हा ठकीला घेऊन जाते. चांगली बरी होऊ दे. मग आणून सोडते."

दिरानं चहा संपवला आणि तो पेला विसळायला उठला. तो स्वतःचा पेला कधी विसळत नसे.

माझ्या नणंदेबद्दल कुणाचं वाईट मत होऊ नये म्हणून सांगते. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. शहरात तिच्या घरी एक खोली आहे, रंगवलेली, खिडकीला पडदा लावलेली, आणि त्या खोलीत कुणी झोपत नाही. ठकी झाली तेव्हा तिनं पिशव्या भरभरून कपडे आणले होते. तिच्या मनात पाप नव्हतं. पण तिच्या मनात ती खोली होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

यंदा पाऊस उघडायचं नावच घेत नव्हता. तीन आठवडे झड लागलेली. मोठा पाऊस नाही, नुसती बारीक, चिकट रिपरिप. गोठ्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर माती एवढी धरायची की पाय उचलला तर बूट मागं राहायचा. कपडे वाळायला शेगडीच्या वर दोऱ्या बांधल्या होत्या. घरात फिरायचं म्हणजे लंगोटांच्या आणि दुपट्यांच्या ओळींखालून वाकून फिरायचं. गावाचा रस्ता खचल्यापासून बस आठवड्यातून एकदाच, शनिवारी दुपारी यायची, तीही फाट्यापर्यंत. नर्सबाई गुरुवारी यायच्या. बाकीचे दिवस आम्ही, गाई आणि चिखल.

माझंही सांगून टाकते. मी या घरची थोरली सून. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मी माहेरी गेले नाही, इथंच राहिले. मला या घरात कुणी राहा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मनगट दुखावल्यापासून मला धारा काढता येत नाहीत. म्हणून दुधाचे कॅन धुणं माझ्याकडं. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या थोरलीच्या हातचे कॅन बघा, आरशासारखे." तेवढ्या वाक्यावर मी या घरात उभी होते.

ठकी व्हायच्या आधी दोन महिने, लागोपाठ दोन दिवस दूध केंद्रानं आमचं दूध परत पाठवलं होतं. दुधात जंतू निघाले. केंद्रावरचा तपासनीस भिंगातून बघतो, नळीतून थेंब टाकतो, म्हणून गावानं त्याचं नाव थेंबेसाहेब ठेवलं आहे. तो स्वतः घरी आला, एकेक कॅन उलटा करून बघितला, आणि एका कॅनच्या गळ्याच्या खाचेत त्याच्या बोटाला वाळलेल्या दुधाचा थर लागला. तेव्हापासून घरात सोडा आला. धुण्याचा पांढरा सोडा, पोत्यानं. टबभर उकळत्या पाण्यात दोन वाट्या सोडा, त्यात कॅन, झाकणं, गाळण्या, गाळण्याची फडकी, सगळं बुडवायचं. मग तीन वेळा साध्या पाण्यानं काढायचं. आणि शेवटच्या पाण्यात थेंबेसाहेबानं दिलेल्या बाटलीतले दोन थेंब टाकायचे. पाणी आहे तसं राहिलं तर कॅन शुद्ध. गुलाबी झालं तर सोडा राहिलाय, आणखी पाणी घाला. सोडा दुधात उतरला तर पुन्हा दूध परत.

पाणी हातपंपाचं. पंप अंगणाच्या टोकाला, चिखल तुडवत. त्याची मूठ जड, आणि दर बादलीला पस्तीस वेळा दाबायची. चांगलं पाणी आधी गाईंना, मग कॅनना, मग माणसांना.

ठकी महिन्याची असताना पहिल्यांदा थोडी लाल झाली. नुसती गुलाबी, तान्ह्या पोरांना होते तशी. पण सासूबाई म्हणाल्या, "अस्वच्छपणा." धाकटी रडकुंडीला येऊन माझ्याकडं आली.

"जाऊबाई, काय करू? लंगोट तर मी रोज धुते."

"नुसतं साबणानं काय होतंय," मी म्हणाले. "कॅन धुतो तसा धू. सोड्याच्या पाण्यात उकळ. जंतूचं नाव राहणार नाही."

आपण काहीतरी शहाणपणाचं सांगितलं असं मला वाटलं होतं. त्या दिवशी मला रात्रीची झोपही चांगली लागली.

नणंदेनं ठकीला न्यायचं काढलं तो रविवार. त्या आठवड्याभराचं मी जे डोळ्यांनी बघितलं ते सांगते.

मलम धाकटीकडं होतंच, नर्सबाईंनी महिन्यापूर्वी दिलेलं. पांढरं, लोण्यासारखं घट्ट, जस्ताचं. ते कसं लावायचं हे नर्सबाईंनी तिला आमच्या समोर शिकवलं होतं. आधी कोमट साध्या पाण्यानं धुवा. मग मऊ फडक्यानं टिपून घ्या, घासू नका. मग थोडा वेळ तसंच उघडं राहू द्या, वारा लागू द्या. आणि पूर्ण सुकल्यावरच मलमाचा जाड थर द्या, चोळून जिरवू नका.

"कातडी आणि ओल यांच्यामध्ये ही भिंत बांधायची," नर्सबाई म्हणाल्या होत्या. "पण ओल्या अंगावर लावलंत तर भिंतीच्या आत ओल कोंडली. मग उलटाच प्रकार. आणि दर वेळी सगळं मलम खरवडून काढू नका. वरची घाण तेवढी पुसा, त्यावरच पुन्हा थर द्या. पावडर नको. लंगोट घट्ट नको. ओला झाला की लगेच बदला."

"म्हणजे गाईच्या सडांना लावतो तसंच," धाकटी म्हणाली होती. "धू, कोरडं कर, मग लाव."

"अगदी तसंच. पण ते गोठ्यातलं मलम हिला लावू नका हां," नर्सबाई हसत म्हणाल्या होत्या.

धाकटी अगदी तसंच करायची. चौदा गाईंच्या धारा काढून यायची, बूट दारात काढायची, हात धुवायची, आणि ठकीला मांडीवर घेऊन इतक्या हळू टिपायची की कुणाला वाटावं ती दुधावरची साय उचलतेय. बोटाला मलम घेऊन थर द्यायची. त्यावर उकळून, वाळवून, घडी घातलेला लंगोट. आणि दोन तासांनी उघडून बघावं तर लाल जास्तच.

मग काय करायची? सोडा वाढवायची. सासूबाई घाणेरडी म्हणाल्या की एक वाटी जास्त. पहिल्यांदा लंगोट एकदा उकळायची, आता दोनदा. पिवळे डाग निघेपर्यंत उकळायची. तिच्या स्वतःच्या हातांना भेगा पडल्या होत्या, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं, पण ते आम्ही गाईंच्या कामावर घालायचो. गुरावासराचं काम करणारीचे हात असेच असायचे, असं धरूनच चाललो होतो.

रविवारी दुपारी नणंदेनं आपल्या पिशवीतून डायपरचं पाकीट काढलं. शहरातलं, तयार. सोळा होते.

"हे घाला तिला. एकदा वापरायचं, टाकून द्यायचं. धुणं नाही, वाळवणं नाही," ती म्हणाली. "आणि मलम मी लावते."

तिनंही तसंच धुतलं, तसंच टिपलं, तसाच थर दिला. धाकटीपेक्षा जरा धसमुसळेपणानंच, खरं सांगायचं तर. आणि सोमवारी संध्याकाळी पट्टा फिकट झाला होता. मंगळवारी सकाळी ठकी हसली. मंगळवारी दुपारी ओल सुकून वर पातळ कातडी धरली होती.

"काय सांगत होते मी?" सासूबाई म्हणाल्या. "हाताला गुण लागतो एकेकीच्या."

"नाही गं आई, नुसती निगा राखायला लागते," नणंद म्हणाली. पण तिचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हतं. ठकीला खांद्यावर घेऊन ती खिडकीपाशी फिरत होती आणि तिला काहीतरी सांगत होती. शहरात काय काय आहे ते.

मंगळवारी रात्री सोळा संपले. गावातल्या दुकानात तसलं काही मिळत नाही. बुधवारी पुन्हा लंगोट, धाकटीच्या हातचे, दोनदा उकळलेले. बुधवारी संध्याकाळपर्यंत पट्टा परत आला. जसा गेला होता तसाच आला.

त्या संध्याकाळी मी गोठ्यात वैरण टाकायला गेले होते. धाकटी शिंगमोडीच्या, म्हणजे एक शिंग मोडलेल्या तांबड्या गाईच्या, पोटाला कपाळ टेकवून बसली होती. धार चालू होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "माझ्याच हातात काहीतरी आहे."

"असं काय बोलतेस?"

"मग काय बोलू? हिच्या सडाला चीर पडली होती, मी मलम लावलं, चार दिवसांत बरी झाली. चौदाही गाईंना माझा हात चालतो. माझ्याच पोरीला चालत नाही." तिनं बादली सरकवली. "वन्संनी दोन दिवस हात लावला आणि ती हसायला लागली. मी हात लावला की रडते. न्यावंच वाटतं आता. नेऊ दे."

"आणि दूध? तुझ्या अंगावर पिते ती."

"आई म्हणतात वरचं पाजतील. आपल्या घरात दुधाचा काय तोटा आहे." ती हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

"तूही जा की आठ दिवस तिच्याबरोबर."

"आणि या? यांच्या धारा कोण काढणार? तुमचं मनगट, आईंचे गुडघे, ठकीच्या बाबांना गाडी घेऊन केंद्रावर जायचं." तिनं गोठ्याकडं हात केला. चौदा गाई दावणीला रवंथ करत होत्या. "यांच्या गळ्यात दावं आहे जाऊबाई. माझ्या नाही एवढंच."

मी वैरण टाकली आणि परत आले. काय बोलायचं ते मला नेहमी उशिराच सुचतं.

गुरुवारी नर्सबाई आल्या. त्यांना गाडी चढावर लावून अर्धा मैल चालत यावं लागलं होतं. त्यांनी ठकीला बघितलं, मग धाकटीला म्हणाल्या, "माझ्यासमोर लावा बघू."

धाकटीनं लावलं. एकही गोष्ट चुकली नाही.

"यात चूक काही नाही," नर्सबाई म्हणाल्या. सासूबाईंनी मान वळवली. "बघा, इथं जांघेच्या घडीत कातडी कशी आहे? पांढरी, छान. बुरशीचं असतं तर आधी घडीत धरलं असतं. हे वरवर आहे. जिथं कपडा टेकतो तिथंच. काहीतरी लागतंय हिला. नवीन साबण, तेल, काही आणलंत का?"

"साबण लावतच नाही मी तिला," धाकटी म्हणाली.

नर्सबाईंना आणखी चार घरं करायची होती आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. दुसरी ट्यूब देऊन त्या गेल्या. "पुढच्या गुरुवारी बघते," म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी ठकी इथं नसणार, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

शुक्रवारी पिशवी भरली गेली. नणंद खाटेवर बसून ठकीचे कपडे घडी घालत होती आणि धाकटी तिला एकेक देत होती. "हे टोपडं तिला आवडतं. हे नको, गळ्याला टोचतं." दोघी इतक्या सांभाळून बोलत होत्या की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. दीर बैलगाडीचं चाक दुरुस्त करायच्या निमित्तानं दिवसभर बाहेर पावसात होता. तो वाईट माणूस नाही. पण आईसमोर तोंड उघडायचं म्हणजे त्याला बंद दार खांद्यानं उघडण्यासारखं वाटतं. आणि मला तरी कुठं वेगळं वाटत होतं?

शनिवारी सकाळी मी कॅन धूत होते. सहा कॅन, सोडा, पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. शेवटच्या कॅनमध्ये वाकून मी दोन थेंब टाकले. पाणी किंचित गुलाबी झालं. रोज कधी ना कधी होतं, त्यात काही विशेष नाही. मी आणखी एक बादली आणायला पंपावर गेले आणि मूठ दाबता दाबता मनात आलं, कॅनला हे चौथं पाणी. लंगोटांना किती?

मूठ तशीच हातात राहिली.

लंगोटांना एक. मला माहीत होतं, कारण तो टब माझ्यासमोरच असायचा. उकळत्या सोड्यातून काठीनं उचलायचे, एका बादलीत बुचकळायचे, पिळायचे आणि दोरीवर. पाणी कॅनना पुरवायचं म्हणून. पोरीचे कपडे उकळले की शुद्ध झाले असं आम्ही समजत होतो. जिथं कपडा टेकतो तिथंच, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. आणि त्या सोळा डायपरांना आमच्या सोड्याचा थेंबही लागलेला नव्हता.

मी घरात गेले. दोरीवरचा एक कोरडा लंगोट काढला, वाडग्यात स्वच्छ पाणी घेतलं, त्यात तो बुडवून पिळला. बाटलीतले दोन थेंब टाकले.

असा रंग मी कॅनमध्ये कधी बघितला नव्हता. कॅनमध्ये होतो तो फिका, संशयाला जागा ठेवणारा. हा भडक होता. मन मानेना म्हणून मी माझा हात पुसायचा पंचा दुसऱ्या वाडग्यात पिळला, जो मी सोड्यात घालत नाही. थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं.

दोन वाडगी समोर ठेवून मी मोरीपाशी बसून राहिले. आता तुम्हाला खरं सांगायचं तर, पहिला विचार माझ्या मनात आला तो पाणी ओतून टाकायचा. गुपचूप सगळे लंगोट सात पाण्यांनी काढायचे, कुणाला कळलं नसतं. पण ठकी तर दुपारी जाणार होती. ती शहरात जाऊन, डायपर घालून, बरी होणार होती. मग कायमचं ठरलं असतं की आईच्या हातानं पोर आजारी पडते आणि आत्याच्या हातानं बरी होते. बरी झालेली पोर कोण परत आणतं?

आणि बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार होतं. नुसता सोडा दाखवला असता तर सासूबाई म्हणाल्या असत्या, बघा, हिनंच पोरीला भाजलं. सोडा कुणी सांगितला ते माझ्याशिवाय कोण सांगणार? धाकटीनं चार महिन्यांत एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं. जाऊबाईंनी सांगितलं म्हणून करते, एवढं एक वाक्य तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. मी रोज पहाटे देवापुढं हात जोडते, सगळ्यांचं भलं मागते. त्या दिवशी कळलं, मागणं सोपं असतं.

मी दोन्ही वाडगी उचलून आत नेली आणि खाटेसमोरच्या स्टुलावर ठेवली. नणंद ठकीला टोपडं घालत होती. धाकटी दारात होती, बूट घालून. सासूबाई भिंतीला टेकून. दीर गाडी जोडून आत आला होता.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"हे ठकीच्या लंगोटाचं पाणी," मी म्हणाले. "धुऊन वाळवलेल्या. सोडा राहिलाय त्यात. कॅनमध्ये एवढा राहिला तर केंद्र दूध परत पाठवतं. चार महिने हाच कपडा तिच्या अंगाला आहे, आणि तो ओला झाला की सोडा सुटतो. त्यानं भाजतंय तिला. वर मलम कितीही लावा."

धाकटीचा हात चौकटीवर गेला. तिचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं, ती आता स्वतःलाच दोष देणार. म्हणून मी घाईनं म्हणाले, "सोड्यात उकळ असं तिला मी सांगितलं. कॅनसारखा धू म्हणून. ठकी महिन्याची असताना. हिनं तेवढंच केलं, जे मी सांगितलं."

दीर पुढं आला. त्यानं भडक वाडगं उचलून उजेडात धरलं. केंद्रावर रोज जाणारा माणूस, त्याला रंग वाचायला कुणी शिकवायला नको होतं.

"कॅनला तीन पाणी," तो म्हणाला, "आणि पोरीला एक." मग आईकडं वळून, पण तिच्याकडं न बघता म्हणाला, "गाडी मी सोडतो. ताईला फाट्यावर चालत पोचवेन. ठकी कुठं जात नाही."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"थोरले," त्या म्हणाल्या, "तुझ्या हातावर विश्वास ठेवून बसले होते मी."

एवढंच. त्यापेक्षा शिवी बरी. धाकटीला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. चुकले, असंही नाही. आजपर्यंत म्हणाल्या नाहीत.

नणंदेनं ठकीचं टोपडं काढलं. तिनं वाद घातला नाही. "म्हणजे माझ्या हाताचं काही नव्हतंच," ती म्हणाली, अगदी हळू, आणि पिशवी उघडून एकेक कपडा परत खाटेवर ठेवायला लागली. घड्या मोडू न देता. शेवटी मलमाची ट्यूब निघाली, ती तिनं धाकटीच्या हातात दिली.

धाकटी बूट न काढता आत आली. चिखलाचे ठसे फरशीवर उमटत गेले. तिनं ठकीला उचललं नाही, आधी नणंदेच्या शेजारी बसली.

"वन्सं, डायपर आणखी पाठवाल? या झडीत लंगोट वाळत नाहीत."

नणंदेनं मान हलवली. "पाठवीन की," ती म्हणाली. "आणूनच देईन." मग तोंड फिरवून ती चपला शोधायला लागली.

पाऊस अजूनही थांबलेला नाही. ठकीचा पट्टा पाचव्या दिवशी गेला आणि नवव्या दिवशी कातडी सारखी झाली. आता धाकटी मलमाचा जाड थर देत नाही, लाल होऊ नये म्हणून प्रत्येक लंगोटाआधी पातळसा हात फिरवते. गाई चौदाच आहेत, धारा दोन वेळच्याच. पहाटे ती गोठ्यात गेली की ठकी माझ्याजवळ असते आणि भुकेनं रडायला लागली की मी तिला घेऊन चिखलातून गोठ्यापर्यंत जाते. गाईच्या पाठीआड बसून ती तिला पाजते. यापलीकडं काही बदललं नाही.

लंगोट माझ्याकडं आले. सासूबाईंनी सांगितलं, आणि नसतं सांगितलं तरी मी घेतले असते. आल्यागेल्याला माझे कॅन दाखवणं त्यांनी बंद केलं आहे. साध्या साबणात धुवायचे, मग पंपाच्या पाण्यानं काढायचे. माझं मनगट रात्रभर ठणकतं.

धाकटी मला एका शब्दानं बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. पूर्वीसारखीच जाऊबाई म्हणते, माझा चहा झाकून ठेवते. फक्त काल मी शेवटचा लंगोट पिळून आत दोरीवर टाकायला नेणार, तेवढ्यात ती गोठ्यातून येताना पंपापाशी थांबली. माझ्या हातातून तो लंगोट घेतला. उलगडून स्वतःच्या गालाला लावला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली, पावसात. मागं शिंगमोडी ओरडत होती.

मग तिनं तो माझ्या हातात परत दिला.

"अजून एक पाणी काढा," ती म्हणाली. आजवर तिनं मला कधी काही करायला सांगितलं नव्हतं.

मी बादली पंपाखाली सरकवली.